मनःशांतीचं स्टूल

माणसाला मन असतं हे ज्याने शोधून काढलं, त्याने ते शोधून गप्प बसायला हवं होतं. पण नाही. मग ते मन अशांत असतं हे दुसऱ्याने शोधलं, आणि ते शांत करायला लाकूड तासावं, माती मळावी, दोरे गुंफावेत हे तिसऱ्याने. या तिसऱ्याला घरात कोणी काम सांगत नसणार. सांगत असते तर हाताने काम केल्यावर मनाचं काय होतं हे त्याला आपोआप कळलं असतं.

मला हा तिसरा आमच्या कंपनीच्या डॉक्टरांच्या रूपात भेटला.

मी विमा कंपनीत आहे. आमच्या विभागाला 'दावे पडताळणी' म्हणतात. लोकांनी पाठवलेल्या दाव्यात खोट काढायची आणि तो सविनय परत पाठवायचा, हे आमचं काम. विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि त्यांच्या खुर्चीवर आता माझा हक्क होता. यापूर्वी दोनदा ती माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने पटकावली होती. मला ती हवी होती आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. बायकोने तर तिच्या सगळ्या बहिणींना मी विभागप्रमुख झाल्याचं कळवूनही टाकलं होतं. आता फक्त डॉक्टरांचं पात्रतेचं प्रमाणपत्र तेवढं हवं होतं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला. वरचा आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या आणि खालचा बघून त्या तिथेच ठेवल्या.

"अशा प्रेशरवर मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "हाताने काय करता?"

"दावे नाकारतो."

"तसं नाही. हाताने काही घडवता का? हात गुंतले की मन सुटतं."

हे वाक्य त्यांनी स्वतः कापडावर भरून भिंतीवर टांगलं होतं. कापडाचा अंदाज चुकल्यामुळे त्यातलं 'सुटतं' खालच्या झालरीत अडकलं होतं. टेबलावर मातीचं घुबड होतं, त्याला मी बराच वेळ मोड आलेला बटाटा समजत होतो. खिडकीत दोऱ्यांचं एक जाळं लोंबत होतं. ते कशासाठी आहे असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "कशासाठीच नाही, त्यातच तर गंमत आहे." ज्या वस्तूचा काही उपयोग नाही ती स्वतः बनवली तर माणसाला तिचा अभिमान वाटतो आणि बायकोने विकत आणली तर उधळपट्टी वाटते, एवढा मानसशास्त्राचा भाग मला त्या खोलीत समजला.

"महिनाभर काहीतरी घडवा आणि पुन्हा या," डॉक्टर म्हणाले. "प्रेशर उतरलं तर सही. नाहीतर तुमच्यानंतर कोण आहे?"

माझ्यानंतर 'लोणी' होता. साहेब लोकांना लावून लावून ऑफिसात त्याचं हेच नाव पडलं होतं. त्याचं प्रेशर कासवासारखं. तो मधल्या सुट्टीत मफलर विणायचा, तोही साहेबांसाठी.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग स्टूल करा. वरच्या कपाटापर्यंत हात पोचत नाही माझा. तुम्ही तर वरचं काही काढून देत नाही."

"मनःशांतीसाठी करायचं आहे, कपाटासाठी नाही."

"माझा हात पोचला की मला मनःशांती. घरात कोणाला तरी मिळाली म्हणजे झालं."

मी करवत, हातोडी, खिळे, गोंद आणि फळ्या आणल्या. हत्यारांच्या दुकानदाराने मला करवतीचे इतके प्रकार दाखवले की माणसाने इतक्या तऱ्हांनी कापाकापी करण्याची काय गरज आहे, असा प्रश्न मला पडला. रविवारी गॅलरीत बैठक मारली, फळीवर खिळा टेकवला आणि एक, फक्त एक ठोका घातला. दाराची बेल वाजली.

दारात आमच्या सोसायटीचे सचिव उभे होते. सरकारी नोकरीत असताना यांनी जन्मभर फायली अडवल्या. निवृत्तीनंतर अडवायला फायली उरल्या नाहीत, म्हणून आता ते आम्हाला अडवतात. त्यांचा स्वभाव वाईट नाही, सवय वाईट आहे.

"काय चाललंय?"

"स्टूल करतोय."

"विकायला?"

"नाही हो, बसायला. म्हणजे, उभं राहायला."

"नक्की काय ते ठरवा. अर्जात लिहावं लागेल." त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. हे पुस्तक ते बहुतेक झोपतानाही खिशात ठेवत असावेत. "राहत्या जागेत हत्याराने वस्तू तयार करणं म्हणजे उद्योग. उद्योगाला वरच्या, खालच्या आणि शेजारच्या सभासदांची ना-हरकत लागते."

"पण हा उद्योग नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. हे औषध आहे."

"औषध तयार करायला तर आणखी वेगळा परवाना लागेल."

मी जन्मभर लोकांचे अर्ज परत पाठवले, पण इतक्या सफाईने मलाही कधी जमलं नव्हतं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल किंचित आदर वाटला. तो पायऱ्या चढेपर्यंत टिकला.

वरच्या मजल्यावर गायनबाई राहतात. त्यांच्याकडे संध्याकाळी शिकवणीला मुली येतात आणि त्या नेमक्या काय शिकतात हे खाली राहून आम्हाला कधीच समजलेलं नाही. बाई म्हणाल्या, "ठोका की, माझी काय हरकत असणार! फक्त लयीत ठोका. मुलींचा ताल चुकायला नको. आणि बरं का, वह्या ठेवायला मला एक छोटं मेज हवंय, बैठं. ते झालं की लगेच सही देते."

खाली राहतात पूलवाले. हे निवृत्त इंजिनीअर आहेत आणि आयुष्यभर त्यांनी पूल बांधले. कुठे आहेत ते पूल, असं मी एकदा सहज विचारलं होतं, तेव्हा ते अभिमानाने म्हणाले होते, "एक आहे अजून." त्यांनी माझा खिळा हातात घेतला, उजेडात धरला आणि मान हलवली. "जोड महत्त्वाचा. भार कुठून कुठे जातो ते बघितलंत का?" भार माझ्यावरून माझ्यावरच येत होता. त्यांना बुटांसाठी मांडणी हवी होती. "मांडणी द्या, सही घ्या."

शेजारच्या बाई कुठल्या ना कुठल्या शिबिराला जाऊन आलेल्याच असतात. शिबिरात श्वास घ्यायला शिकवतात. त्याआधी इतकी वर्षं त्या काय घेत होत्या कोण जाणे. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "किती छान! हाताने घडवणं म्हणजे स्वतःला भेटणं. पण ठोकण्याआधी लाकडाशी बोला हं. त्याची परवानगी घ्या."

"आणखी एक परवानगी?"

"आणि माझ्या कुंड्यांना एक स्टँड करून द्याल ना? तेवढं झालं की सही."

मी तिघांचं म्हणणं सचिवांना जाऊन सांगितलं. वस्तू दिल्याशिवाय सही नाही, सही नाही तर परवानगी नाही आणि परवानगी नाही तर वस्तू बनवता येणार नाही. हे ऐकताना सचिवांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की विचारू नका. निवृत्तीनंतर इतका सुंदर पेच त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. बऱ्याच विचारानंतर त्यांनी तोडगा काढला. मला तात्पुरती परवानगी मिळाली, पण ती फक्त परवानगी मिळवण्यासाठी लागणाऱ्या वस्तू बनवण्यापुरती. स्वतःच्या स्टुलाला हात लावायचा नाही.

"आणि संस्थेला एक सूचनाफलक हवा आहे," ते म्हणाले. "त्याशिवाय माझी सही होत नाही."

म्हणजे बघा. एका अशांत मनासाठी एक स्टूल करायला निघालेला मी आता चार शांत मनांच्या चार वस्तू करणार होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. इथे तर गाढवांना पायाखाली घ्यायला पाट हवे होते.

कामाला सुरुवात झाली. रोज ऑफिसातून आलो की गॅलरीत बसायचं. वर गायनबाईंच्या मुली आळवायला लागल्या की खाली माझी हातोडी. खिडकीतून बाई ओरडायच्या, "दादा, घाई होतेय! जरा सावकाश!" आता, खिळ्यांचं असं असतं की चांगले चार सरळ गेले की पाचवा वाकतो. वाकला की थांबायचं, उपटायचा आणि दुसरा घ्यायचा, हे कोणीही सांगेल. पण मधेच थांबलो की ताल तुटायचा. म्हणून मी वाकलेल्या खिळ्यावरच तालात ठोकत राहायचो. माझ्या सगळ्या वस्तूंमध्ये सगळे खिळे आडवे झोपलेले दिसतात, त्याला माझं कसब नव्हे तर त्या मुलींचा रियाज जबाबदार आहे.

एकदा ठोका खिळ्याऐवजी अंगठ्यावर पडला, तोही बरोबर समेवर. वरून "वा!" असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला हे एवढं बँडेज बांधून ऑफिसात गेलो. लोणी लगबगीने आला. "हाताला काम दिलं की कसं प्रसन्न वाटतं, नाही का?" असं म्हणून त्याने माझ्यासमोर अर्धा मफलर उलगडला. त्या बँडेजमुळे मला लेखणी धरता येईना, आणि त्या दिवशी एकही दावा नाकारला गेला नाही. विमा कंपनीच्या इतिहासात हस्तकलेचा जनतेला झालेला फायदा एवढाच.

खोटं कशाला बोलू, एकदा मात्र मला खरोखर शांत वाटलं. मेजाची फळी पॉलिश पेपरने घासत होतो. लाकडाचा भुसा मऊ पडत होता, फळी हळूहळू गुळगुळीत होत होती, आणि खुर्ची, लोणी, सचिव, प्रेशर यातलं काहीएक माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नसणं इतकं सुखाचं असतं हे मला माहीत नव्हतं. काही लोक सदैव इतके आनंदी का असतात तेही उमगलं. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "बघा! आता शांत वाटतंय की नाही?"

वाटत होतं. त्यांनी विचारेपर्यंत.

पहिल्यांदा मेज तयार झालं. ते डुगडुगत होतं. आता तुम्हाला वाटेल, या गृहस्थाने एकेक पाय कापत कापत मेजाचा पाट केला असणार. तेवढा मी मूर्ख नाही. पाय कापू नयेत हे मला माहीत होतं. म्हणून मी आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा चिकटवला. मग तो पाय लांब झाला, म्हणून दुसऱ्याखाली चिकटवला. मग तिसऱ्याखाली. अशा रीतीने ते बैठं मेज उठून उभं राहिलं. गायनबाई बघतच राहिल्या. आता त्यांच्या मुली उभ्याने गातात. शिवाय त्या मेजावर वही ठेवली की एक बारीक कुरकुर निघते आणि दोन मुलींनी तोच सूर पकडला आहे, अशी बाईंची तक्रार आली.

पूलवाल्यांनी मांडणी ताब्यात घेण्याआधी तिची भारचाचणी करायचं ठरवलं. बुटांची मांडणी म्हणजे तिच्यावर बूट ठेवतील, असं आपल्याला वाटेल. यांनी विटा ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, विटा घालून कोण चालतं?" ते म्हणाले, "पूल बांधताना आम्ही सर्वात वाईट शक्यता धरतो." सर्वात वाईट शक्यता पाचव्या विटेला आली. मांडणी एका बाजूला कलली, मग सावकाश झोपली, आणि पूलवाल्यांचा चेहरा उजळला. आपल्यापेक्षा वाईट बांधणारा माणूस या इमारतीतच राहतो हे त्यांना कळलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ढिगारा दाखवत होते.

कुंड्यांच्या स्टँडबद्दल मी फार बोलणार नाही. लाकडाशी बोललो नव्हतो, हे शेजारच्या बाईंनी फुटलेल्या कुंड्यांच्या मातीत बसून मला तीनतीनदा ऐकवलं. इतक्या शिबिरांत शिकलेला श्वास त्या वेळी कुठे गेला होता हे मीही त्यांना विचारू शकत होतो, पण मी सभ्य माणूस आहे.

राहिला सूचनाफलक. तो मात्र चांगला झाला होता. निदान भिंतीवर तरी तो सपाट दिसत होता. सचिवांनी मोठ्या उत्साहाने संस्थेचे झाडून सगळे नियम त्याच्यावर टाचले. शेवटची टाचणी जिना-स्वच्छतेच्या नियमाची होती. ती टोचली आणि फलक सरळ त्यांच्या पायावर आला. नियमांना वजन असतं असं ते नेहमी म्हणायचे, त्याची प्रचीती त्यांना इतक्या जवळून प्रथमच आली असेल.

त्याच संध्याकाळी विशेष सभा बोलावली गेली. सभेची सूचना लावायला फलक उरला नव्हता, त्यामुळे सचिव लंगडत लंगडत घरोघर सांगत फिरले. दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरांकडे जायचं होतं. डोकं घणघणत होतं. मी स्वतःचं प्रेशर न मोजताच सांगू शकत होतो. खुर्ची गेल्यात जमा होती. तिच्यावर मफलर गुंडाळून बसलेला लोणी मला डोळ्यांपुढे दिसत होता, आणि खरं सांगतो, सभेला उतरताना मला रडू येईल असं वाटत होतं. काय केलं होतं मी? चार खिळे ठोकले होते. तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

सभेत सगळे बोलले. गायनबाई सुरांबद्दल बोलल्या, पूलवाले जोडांबद्दल, शेजारच्या बाई माझ्या आतल्या अस्वस्थतेबद्दल. ज्यांना मी काहीच करून दिलं नव्हतं तेही, आपल्याला काही करून देण्याच्या शक्यतेबद्दल बोलले. मग सचिवांनी पाय खुर्चीवर ठेवून ठराव वाचला: "सदर सभासदाने यापुढे राहत्या घरात कोणतीही वस्तू, कोणत्याही कारणाने, कोणासाठीही, हाताने बनवू नये. हत्यारं संस्थेकडे जमा करावीत."

"ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. बँडेजसकट.

मला सांगता येणार नाही इतका आनंद झाला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती आणि एकशे एक नियमांच्या त्या माणसाने कुत्रं आवरलं होतं. मी करवत, हातोडी, उरलेले खिळे, गोंदाचा डबा, सगळं स्वतः खाली नेऊन दिलं. सचिवांनी पावती दिली, तीही मी न मागता. घरी आलो तर बायको प्लास्टिकच्या नव्या स्टुलावर उभी राहून वरच्या कपाटातली ब्लँकेटं काढत होती.

"हे कधी आणलंस?"

"तुम्ही पहिला ठोका घातलात ना, त्याच दिवशी. म्हटलं, माणसाने आशा करावी, पण उंचावर जाताना करू नये."

मला रागही आला नाही. जेवलो आणि आडवा झालो. वर मुली उभ्याने गात होत्या, तरी मला झोप लागली. लहान मुलासारखा झोपलो.

सकाळी डॉक्टरांनी पट्टा आवळला, हवा सोडली, आकडा बघितला. पुन्हा आवळला, पुन्हा बघितला. मग घुबडाच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला.

"अप्रतिम! तरुण माणसाचं प्रेशर आहे हे. काय काय घडवलंत?"

मी खरं तेच सांगितलं. एक मेज, एक मांडणी, एक कुंड्यांचं स्टँड, एक फलक. त्यांचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नाही आणि न विचारलेल्या गोष्टी सांगायची आमच्या विभागात पद्धत नाही.

"चार वस्तू! आणि त्याही दुसऱ्यांसाठी!" डॉक्टरांनी घुबड उचलून छातीशी धरलं. "अहो, लोक माझी चेष्टा करतात. बायकोसुद्धा करते. तुम्ही पहिले पेशंट आहात, ज्यांनी माझं खरं करून दाखवलं."

त्यांनी प्रमाणपत्र ओढलं. मी त्यांच्या लेखणीकडे बघत होतो. 'विभागप्रमुखपदासाठी पूर्णपणे पात्र' असं त्यांनी लिहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, बायकोच्या सगळ्या बहिणी आल्या, लोण्याचा वितळलेला चेहरा आला. मग डॉक्टर थांबले, जरा विचार केला आणि स्वल्पविराम देऊन पुढे लिहू लागले. मी उलट्या बाजूने वाचलं.

'मात्र दर महिन्याला घरी स्वहस्ते नवी वस्तू बनवून ती कंपनीच्या डॉक्टरांना दाखवण्याच्या अटीवर.'

"खाली शिक्काही मारतो," ते म्हणाले. "म्हणजे कोणाला बदलता येणार नाही."

माझ्या कानांत कोणीतरी लयीत ठोकायला लागलं. एकीकडे संस्थेचा ठराव, एकीकडे हा शिक्का. एकाच्या मते मी हाताने काही बनवता कामा नये, आणि दुसऱ्याच्या मते बनवल्याशिवाय मला खुर्चीवर बसता येणार नाही. दंडाला पट्टा अजून तसाच होता आणि तो दर ठोक्याला घट्ट होत चालला होता.

"एकदा शेवटचं मोजून घेऊ," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फुगा हातात घेतला. "नोंदीसाठी."

त्यांनी फुगा दाबायच्या आत मी पट्टा खसकन ओढून काढला, त्याची व्यवस्थित घडी घातली, नळी गुंडाळली, पेटीत ठेवली आणि पेटीची कडी लावली. इतक्या दिवसांत माझ्या हातांनी वेळेत आणि नीट पार पाडलेलं ते एकमेव काम.